दोन तिरक्या रेघा

सहानंतर सेतू केंद्रातला कॉम्प्युटर मोकळा असतो.
सातबारा, जातीचे दाखले, कुणाचा न उमटणारा अंगठा,
सगळं आपापल्या घरी गेलेलं असतं.
तेव्हा राऊत गुरुजी आले, काखेत शंभरपानी वही.
म्हणाले, लुंबिनी,
तालुक्याच्या टीममध्ये आपल्या टोल्याचा एकच पोट्टा जाईल.
सुगत का नयन, ते तुझ्या मशीनला विचार.
माझ्या तोंडून नाव निघायला नको.

वहीत दोन हंगाम होते,
धान कापलेल्या बांधीवरचे,
धसकटांनी टाचा फाडलेले सामने.
पानापानाला फक्कीची बोटं.
अक्षर रोशन टेकामचं.
रोशन खेळत नाही. तो रेघा मारतो,
तुरीत गेलेला बॉल हुडकून आणतो,
आणि जेवायच्या आधी गोल लिहून टाकतो,
जेवल्यावर झोप येते म्हणून.

मी भरत गेले: नाव, सामने, गोल.
सुगत, अकरा, चौदा.
नयन, सहा, नऊ.
(मधले पाच सामने नयन तेलंगणात होता,
मायसोबत मिरची तोडायला.)
यादी पुरी व्हावी म्हणून शेवटी रोशनही टाकला.
शून्य, शून्य.

दहा ओळींचा प्रोग्राम. कामाची ओळ एकच,
गोल भागिले सामने.
चालवला, तर शेवटच्या नावावर अडला:
शून्यानं भागता येत नाही.
रोशन दारातच उभा होता.
"माह्यानं अडलं का जी, ताई?"
मी त्याच्यासाठी एक 'जर' लिहिला.
जर सामने शून्य, तर पुढं चल.
लिहिताना बोट थांबलं होतं जरा.
पण लिहिला.

मग उत्तर आलं.
सुगत एक.
नयन एक.
पोट्ट्यांनी टेबल बडवलं, बराबर, बराबर!
गुरुजी चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

मला मात्र दिसलं,
भागाकाराच्या जागी माझ्या हातून
दोन तिरक्या रेघा पडल्या होत्या.
एक रेघ म्हणजे पुरता भागाकार.
दोन म्हणजे बाकी फेकून द्यायची.
सुगतची बाकी तीन, नयनची बाकी तीन,
फेकलेलंही सारखंच होतं.
गप्प बसता आलं असतं.

मी एक रेघ पुसली.
एक पॉइंट सत्तावीस.
एक पॉइंट पाच.

टेबलावरचे हात उचलले गेले.
"दीड म्हणजे दीड," सुगत म्हणाला, "जास्तच हाय ना जी."
नयन पंख्याकडं बघत होता,
पंखा बंद होता.

रोशन म्हणाला, नऊतले सात सुगतच्या पासवरचे.
कुठं लिहिलंय, गुरुजींनी विचारलं.
लिहिलं नाही. मले याद आहे.
गाय आत शिरली होती त्या मॅचचे दोन,
मोहाच्या बाजूनं आलेला एक,
आणि नयन परत आला, पायात चप्पलही नव्हती,
त्या दिवशीचे चार.

पासाला रकाना नव्हता. मी नवा केला.
रोशन डोळे मिटून सांगत गेला, मी टाइप करत गेले,
कुणी कुणाला दिला, डाव्या पायानं की उजव्या,
गुरुजी मधेच म्हणाले, अरे, हा तर मीही पाहिला होता.
आठव्या सामन्यापाशी लाइन गेली.

अंधारात कुणी काही बोललं नाही.
सेव्ह केलं होतं का, मलाच आठवेना.
उद्या सांगजो, गुरुजी म्हणाले, आणि वही न घेताच निघाले.

पोरं बाहेर पडली. सायकल एकच, सुगतची.
तो पायडलवर, नयन मागं कॅरियरवर,
दांडीवर रोशन, वही शर्टात खोचलेली.
तलावाच्या पाळीवरून खाली उतरताना
तिघांतल्या कुणीतरी ब्रेक सोडला.